मागच्या बाकावरचं कुणीतरी

'प्रशिक्षण' या शब्दाशी माझी ओळख पन्नास वर्षांहून जुनी. बी.ए. झाल्यावर १९७३ साली बी.एड.ला गेले आणि २००९ साली निवृत्त झाले. मधल्या काळात किती प्रशिक्षणं घेतली त्याची गणतीच नाही. पुस्तक बदललं की प्रशिक्षण, परीक्षेची पद्धत बदलली की प्रशिक्षण, साहेब बदलले तरी प्रशिक्षण! सभागृहात बॅनर, वाऱ्याने विझणारी समई, हजेरीपत्रकावर दोन दोन वेळा सह्या, अकराला चहा, जेवणानंतर डुलक्या आणि संध्याकाळी आभारप्रदर्शन होऊन हातात प्रमाणपत्र. अशा प्रमाणपत्रांची एक जाडजूड फाइल अजून माळ्यावर आहे. (मुलगा दर दिवाळीला विचारतो, "आई, रद्दीत देऊ का?" मी अजून हो म्हटलेलं नाही.)

पण शिकवायचं कसं हे मी त्या सभागृहांत नाही शिकले. ते शिकले बी.एड.च्या पाठांमध्ये. ज्यांनी बी.एड. केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आदल्या रात्री टाचण काढायचं, तक्ते करायचे आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर उभं राहायचं. मागच्या बाकावर आमचे सर वही उघडून बसलेले. सगळा तास ते एक शब्द बोलत नसत. तास संपला की वही हातात देत. माझ्या एका मैत्रिणीच्या वहीत त्यांनी लिहिलं होतं, 'प्रश्न चांगला विचारलात, पण उत्तरासाठी थांबला नाहीत.' एवढंच. ती मैत्रीण पुढे तीस वर्षं शिकवत होती आणि प्रश्न विचारून थांबायची, हे मी पाहिलेलं आहे.

हे सगळं आज आठवायचं कारण शाळा नाही. गेले काही महिने मी एका वेगळ्याच प्रशिक्षणाविषयी वाचते आहे, विचारते आहे. मनाच्या आजाराने किंवा अपंगत्वाने ज्यांचं आयुष्य अडलंय अशा माणसांच्या घरी जाऊन मदत करणारे कार्यकर्ते असतात ना, त्यांचं प्रशिक्षण. त्यांना कोण शिकवतं, काय शिकवतं, आणि शिकवून झाल्यावर पुढे काय होतं?

हा विषय आमच्या घरात पुस्तकातून आलेला नाही. नातेवाइकांना सगळं ठाऊक आहेच; इथल्या बाकीच्या मित्रमंडळींसाठी थोडक्यात सांगते. माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, १९७९ साली बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आजारी पडले. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया हे कळायला तीन वर्षं गेली. तोपर्यंत अंगारे झाले, देवऋषी झाले, तीन देवस्थानं झाली. आज भाऊजी सदुसष्ट वर्षांचे आहेत आणि आमच्याचकडे राहतात. लिहायला बसण्याआधी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "लिहा वहिनी, पण नाव नको." म्हणून नाव नाही.

त्या काळी मानसोपचाराचे डॉक्टर म्हणजे एसटीने तीन तास. आमचे हे महिन्याला एक रजा टाकून भाऊजींना घेऊन जायचे. दवाखान्यात दोन तास नंबर लावायचा आणि आत दहा मिनिटं. डॉक्टर चांगले होते, पण बाहेर साठ माणसं बसलेली असताना ते तरी काय करणार? महिन्यातली दहा मिनिटं आजार डॉक्टरांच्या समोर असायचा आणि उरलेले तीस दिवस आमच्या माजघरात. रात्री दोनला उठून माणूस अंगणात फेऱ्या मारायला लागला तर काय करायचं? गोळ्यांनी हात थरथरायला लागले तर गोळी थांबवायची का? "शेजारचे माझ्याबद्दल रेडिओवर बोलतात" असं म्हणाला तर हो म्हणायचं की नाही? हे प्रश्न सासूबाईंना पडायचे, मला पडायचे, आणि उत्तर द्यायला पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

हा प्रश्न काही आमच्या एकट्या घराचा नव्हता. देशातल्या जाणत्या डॉक्टरांनाही तो पडलेला होता, हे मला फार नंतर वाचनातून कळलं. १९७५ च्या सुमारास हरियाणातलं रायपूर रानी आणि बंगळूरजवळचं सकलवारा इथे दोन प्रयोग सुरू झाले. एक चंदीगडच्या पीजीआयचा, दुसरा निम्हान्सचा. कल्पना साधी होती. मानसोपचारतज्ज्ञ खेड्यात जाऊन राहणार नाहीत आणि तेवढे तज्ज्ञ देशात नाहीतही. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि घरोघर फिरणारे आरोग्य कर्मचारी यांनाच निवडक गोष्टी शिकवल्या तर? त्या अनुभवावर १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. मग कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात, पुरा जिल्हा हाताशी धरून, तेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं गेलं आणि १९९६ मध्ये देशातल्या ४ जिल्ह्यांपासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे बघा, भाऊजी आजारी पडले तेव्हा ही कल्पना जन्माला आलेली होती. आमच्या अंगणात पोचायला तिला तीस वर्षांहून जास्त लागली.

गरज केवढी आहे? २०१५-१६ मध्ये निम्हान्सने १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यानुसार देशात सुमारे १५ कोटी लोकांना मानसिक आजारासाठी मदतीची गरज होती, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळतच नव्हते. एवढ्यांना पुरतील इतके तज्ज्ञ कधी तयार होणार? तेव्हा मधल्या फळीतला माणूस लागणार, हे उघड आहे. प्रश्न एवढाच की तो मधला माणूस घडवायचा कसा.

आता दोन भेटी सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

पहिली भेट २०१२ च्या आसपासची. कुठल्याशा पाहणीसाठी एक बाई आल्या. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालेलं, गळ्यात ओळखपत्र, हातात आठ-दहा पानी फॉर्म. भाऊजी ओसरीवरच बसलेले होते. त्यांच्या डोक्यावरून मला विचारतात कशा, "हे हिंसक होतात का? कपड्यांची शुद्ध असते का? यांना काही कळतं का?" तेही अंगणातून, मोठ्या आवाजात. पलीकडच्या घरातली भांडी घासण्याची आवाजसुद्धा थांबला! भाऊजी काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

त्या बाई वाईट नव्हत्या हो. जाताना मला म्हणाल्या, "आज अजून अकरा घरं करायचीयत." त्यांना फॉर्म कसा भरायचा हे शिकवलं होतं. ओसरीवर बसलेला माणूस कसा दिसतो हे नव्हतं शिकवलं. आणि त्यांनी काय केलं हे पाहायला, मागच्या बाकावर कुणी नव्हतं.

दुसरी भेट २०१८ च्या जूनमधली. एका संस्थेची कार्यकर्ती, वय असेल सव्वीस-सत्तावीस, बी.ए. समाजशास्त्र. पावसात भिजत आली. चपला काढल्या, माझ्याकडे बघून "काकू, नमस्कार" म्हणाली आणि सरळ भाऊजींच्या समोर जाऊन विचारलं, "काका, मी इथे बसले तर चालेल का?"

चाळीस वर्षांत भाऊजींना 'चालेल का' असं विचारणारं ते पहिलं परकं माणूस. भाऊजींनी मान हलवली. ती बसली आणि मग पाच-सात मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मला राहवेना, पण तिला काही घाई नव्हती. शेवटी भाऊजीच म्हणाले, "पाऊस फार आहे." "हो ना काका," ती म्हणाली, "तुमच्या गावात जास्तच पडतो." झाली सुरुवात!

पुढची दोन वर्षं ती दर पंधरवड्याला यायची. काय करायची, ते मी मास्तरणीच्या सवयीने नीट पाहून ठेवलं आहे. आधी झोप, भूक आणि गोळ्या विचारायची, आणि तेही भाऊजींनाच. हात थरथरतात म्हटल्यावर 'गोळी बंद करा' किंवा 'काही होत नाही' यातलं एकही वाक्य तिने उच्चारलं नाही. "हे मी लिहून घेते, डॉक्टरांना आजच विचारते. तोवर गोळी सोडू नका," म्हणाली. रेडिओवरच्या बोलण्याचा विषय निघाला तेव्हा ती खोटं 'हो' म्हणाली नाही आणि वादही घातला नाही. "मला ते ऐकू येत नाही काका, पण तुम्हाला त्याने किती त्रास होत असेल ते कळतं." एकदा भाऊजी फारच गप्प होते, तेव्हा तिने शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारलं, "काका, जीव नकोसा झालाय असं मनात येतं का?" माझ्या हातातला कप थरथरला. असं विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो असंच आपण सगळे धरून चालतो. तिने नंतर मला समजावलं की तसं होत नाही, उलट विचारलं की माणूस मोकळा होतो. आणि न विचारणं जास्त धोक्याचं.

मग दिवसाचं वेळापत्रक. भाऊजींबरोबर बसून तिने ते केलं. सकाळी दूध आणणं, चार वाजता तुळशीला पाणी, संध्याकाळी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं. 'आंघोळ' हा शब्द त्यात भाऊजींनी स्वतः तिसऱ्या महिन्यात लिहिला. आम्हा घरच्यांनाही ती शिकवत होती. एका वेळी एकच गोष्ट सांगा, लहान वाक्यात सांगा, दिवसभर टोकू नका, झालेल्या कामाची दखल घ्या. घरात सतत टीका, चिडचिड असली की हा आजार पुन्हा उसळण्याची शक्यता वाढते, हे इंग्लंडमधल्या संशोधकांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वीच दाखवून दिलेलं आहे, आणि घरच्यांनाच चार गोष्टी शिकवल्या तर ती कमी होते हेही.

आणखी एक. शेजारच्यांनी तिला फाटकातच गाठून विचारलं, "काय गं, काय म्हणतोय तो?" ती हसून म्हणाली, "काकूंकडे चहा छान असतो!" आणि गेली निघून. गावात राहून गुपित राखणं किती अवघड असतं ते गावातल्यांनाच ठाऊक.

मी एकदा न राहवून तिला विचारलं, "कुठे शिकलीस गं हे सगळं?" मला वाटलं, दोन-चार वर्षांचा मोठा कोर्स सांगेल. ती म्हणाली, "वर्गातलं शिक्षण एक महिन्याचंच होतं काकू. पण त्यानंतर तीन महिने आमच्या वरिष्ठ ताईंबरोबर घरोघर फिरले. पहिला महिना मी नुसती ऐकायची. मग मी बोलायची आणि ताई ऐकायच्या. आता एकटी येते, पण दर गुरुवारी आम्ही सगळ्या जमतो आणि अडलेलं मांडतो. घरच्यांची परवानगी असेल तर बोलणं टेप करतो आणि एकमेकींचं ऐकून गुण देतो."

मंडळी, मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. हे तर आमचे पाठ! टाचण, पाठ, मागच्या बाकावरचे सर आणि वही. सगळं तेच.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. आपल्या शेजारच्या गोव्यात 'संगथ' नावाची संस्था आहे, १९९६ मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली. त्यांनी मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना नैराश्यावरच्या समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. ही माणसं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसून रुग्णांशी सहा ते आठ वेळा, अर्धा-पाऊण तास बोलत. तीन महिन्यांनंतर तपासलं तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले होते; ज्यांना ते मिळालं नव्हतं त्यांच्यात ३९ टक्के. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे २०१७ मध्ये छापून आलं. पण मला आकड्यांपेक्षा दुसरी गोष्ट भावली. हे समुपदेशक आपापली ध्वनिमुद्रणं एकमेकांना ऐकवून एकमेकांच्या कामाला गुण देत होते. म्हणजे मागच्या बाकावर दर वेळी मोठा तज्ज्ञच लागतो असंही नाही. बरोबरीचे शिकलेले असले की तेही बसू शकतात.

आपल्या महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाचा उपक्रम पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने २०१३ च्या सुमारास सुरू केला. त्यात गावातलेच स्वयंसेवक दोन फळ्यांत काम करतात. एक फळी फक्त ओळखते, 'या घरी कुणाचं तरी बिनसलंय' म्हणून. दुसरी फळी चार-सहा बैठकांत बोलते, आणि आजार मोठा वाटला तर दवाखान्याकडे पाठवते. दोघांचं काम वेगळं, म्हणून शिक्षणही वेगळं. मला यातली मर्यादेची जाण आवडली. आपलं काम कुठे संपतं हे नीट शिकलेला माणूसच धोका टाळतो. अर्धवट शिकलेला कार्यकर्ता जिथे थांबायचं तिथे थांबत नाही, हीच तर भीती.

आणि आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेची गोष्ट तर आम्हा म्हाताऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी. डॉ. डिक्सन चिबांडा हे तिथले मानसोपचारतज्ज्ञ. त्यांची एक तरुण रुग्ण बसभाड्याला पैसे नसल्यामुळे त्यांच्यापर्यंत येऊ शकली नाही आणि तिने जीव दिला. माझ्या डोळ्यांसमोर आमची तीन तासांची एसटी आली. २००६ मध्ये त्यांनी हरारे शहरात १४ आज्यांना शिकवलं आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकांवर बसवलं. डॉक्टरांनी बाकाला 'मानसिक आरोग्याचा बाक' म्हणायचं ठरवलं होतं. आज्या म्हणाल्या, त्यावर कुणी बसणार नाही. मग त्याचा झाला 'मैत्रीचा बाक'. त्यांच्या शोना भाषेत नैराश्याला जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'फार विचार करणं'. आपल्याकडेही आजीबाई 'डोकं फिरलंय' म्हणण्याऐवजी 'विचार फार करतो हो' म्हणतात की नाही? शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याकडूनही शिकायचं असतं, हे त्या आज्यांनी डॉक्टरांना शिकवलं.

अपंगत्वाच्या क्षेत्रात या प्रशिक्षणाला कायद्याची चौकट आधीपासून आहे. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. विशेष शिक्षक, वाचा-श्रवणतज्ज्ञ वगैरेंचे अभ्यासक्रम ही परिषद मान्य करते आणि व्यावसायिकांची नोंदणी ठेवते. २०२१ च्या मे महिन्यात परिषदेने मेलबर्न विद्यापीठाबरोबर मिळून ६ महिन्यांचा एक अभ्यासक्रम सुरू केला, गावपातळीवर काम करणाऱ्या 'दिव्यांग मित्रां'साठी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि त्याच्या ४७ व्या कलमात तर लिहिलंय की शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या या सगळ्यांच्या शिक्षणात अपंगत्वाचा विषय असला पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ३१ व्या कलमानुसार सरकारी दवाखान्यांतल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक आणि तातडीच्या मानसोपचाराचं प्रशिक्षण देणं सरकारवर बंधनकारक आहे. लिहिलंय फार छान. पण कायद्यातला एक शब्द सभागृहात उतरताना त्याचा दुपारचा एक तास होतो, हे माझ्या माळ्यावरच्या फाइलीला चांगलं माहीत आहे.

या दोन क्षेत्रांना जोडणारी गोष्ट आम्हाला त्या मुलीनेच दाखवली. मानसिक आजारामुळेही अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं, हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, काम, अशा चार बाबी तपासून डॉक्टर ते ठरवतात. जिल्हा रुग्णालयात कोणत्या दिवशी जायचं, कुठली कागदं न्यायची, हे तिने लिहून दिलं. पुढे त्याच कागदावर भाऊजींचं संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान सुरू झालं. पहिल्या अनुदानातून त्यांनी स्वतःसाठी काही नाही घेतलं. माझ्यासाठी चष्म्याची दोरी आणली.

२०२० च्या उन्हाळ्यात तिचं येणं थांबलं. आधी टाळेबंदी होती, तेव्हा फोन करायची. मग प्रकल्पाची मुदत संपली आणि फोनही थांबले. तिला दुसऱ्या शहरात एका दुकानात हिशेबाची नोकरी मिळाली असं कळलं. मानधन तिथे दुप्पट होतं, तेव्हा तिला कोण बोल लावणार? पण भाऊजी पुढचे चार महिने दर दुसऱ्या मंगळवारी ओसरीवर येऊन बसायचे. एकदा मला म्हणाले, "वहिनी, ताईंना मी काही वेडंवाकडं बोललो का?"

या वाक्याने मला जे वाटलं ते कुठल्याही अहवालात येत नाही. एका मुलीला चार महिने शिकवायचं, दोन वर्षं तिने स्वतःला घडवायचं, एका माणसाने चाळीस वर्षांनी कुणावर तरी विश्वास टाकायचा, आणि मग 'निधी संपला' असं म्हणून फाइल बंद करायची. शाळेत बाई बदलल्या तर निदान दुसऱ्या बाई येतात, आणि पहिल्या बाई मुलांचा निरोप घेऊन जातात. निरोप घ्यायला वेळ देणं हाही प्रशिक्षणाचा भाग असायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

आता गावातली आशा अधूनमधून येते. माझीच विद्यार्थिनी. गुणी आहे. पण गरोदर बायका, लसीकरण, क्षयाच्या गोळ्या, तापाची पाहणी, मोबाइलमधली नोंदणी, एवढं सगळं मानधनावर करून वर मनाचे आजारही तिच्याच झोळीत. मानसिक आरोग्याचं एक प्रशिक्षण तिला मिळालं. मी विचारलं, "कसं होतं?" "चांगलं होतं बाई, पण नंतर कुणी विचारलंच नाही." बघा, पुन्हा तेच. अडलं तर तिने विचारायचं कुणाला? २०२२ च्या १० ऑक्टोबरला 'टेली-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक मी तिच्या वहीत आणि आमच्या फ्रिजवर लिहून ठेवला आहे. तुम्हीही लिहून ठेवा, कधी लागेल सांगता येत नाही.

आता हे सगळं आत्ताच का लिहिलं, तर माझ्या धाकट्या बहिणीची नात असाच एक सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करायचं म्हणते आहे आणि घरात दोन तट पडले आहेत. "सहा महिन्यांत कुणी काय शिकतं का? त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे," असं एका तटाचं म्हणणं. माझं मत विचारलंय, तर सगळ्यांसमोर सांगते. सहा महिने कमी नाहीत, पुरेसेही नाहीत. बाळ, प्रवेश घेण्याआधी तिथे चार प्रश्न विचार. वर्गाबाहेर, खऱ्या घरांत, किती दिवस? माझ्याबरोबर कोण येणार? मी एकटी जायला लागल्यावर माझं अडलेलं दर आठवड्याला कोण ऐकणार? आणि अशा घरांमध्ये रोज जाऊन माझंच मन थकलं तर? या चारांची नीट उत्तरं मिळाली तर खुशाल जा. 'प्रमाणपत्र मिळेल' एवढंच उत्तर मिळालं तर माझ्याकडे ये, माझी फाइल दाखवते. आणि तिच्या आई-वडिलांना एवढंच सांगेन की ही नोकरी बँकेइतकी पक्की नाही, हे खरं आहे. ती पक्की व्हायला हवी, हेही तितकंच खरं आहे.

भाऊजी कसे आहेत, असं काही जण पत्रांतून विचारतात. बरे आहेत. गोळ्या चालू आहेत. आवाज अजून येतात, पण कमी. ती मुलगी गेली तरी तिने लावलेलं वेळापत्रक स्वयंपाकघराच्या दारामागे आहे. शाई उडाली तेव्हा भाऊजींनी ते आपल्या वळणदार अक्षरात पुन्हा लिहून काढलं आणि खाली एक ओळ स्वतःची वाढवली: 'रात्री वहिनींना विचारणे, आज गुडघा कसा आहे.'

रोज विचारतात. आणि विचारून, उत्तरासाठी थांबतात.